आंतरराष्ट्रीय वकिलांची संघटना नेमकं काय काम करते, आणि तिथे नव्या सदस्याने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही काही वर्षांपासून परदेशी पक्षकारांचे व्यापारी करार आणि लवादाची कामं बघता. वरिष्ठ सांगतात की आंतरराष्ट्रीय वकिलांच्या एखाद्या संघटनेचं सदस्यत्व घे. तुम्ही माहिती काढलीत, तर परिषदा, भाषणं, समित्या आणि ठराव एवढंच दिसलं. वर्गणी जड वाटते. आणि मुळात या संघटनांच्या ठरावांना कायद्याचं बळ नसताना तिथे वेळ घालवून काय साधतं, असं तुम्ही विचारलंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ज्यांच्या हाती कसलाच अधिकार नाही अशा खासगी संघटनांनी लिहिलेले नियम लोक का पाळतात, हा पहिला. या कामात तुमच्यासारख्या तरुण वकिलाला खरी जागा आहे का, हा दुसरा. पहिल्याचा उलगडा झाला की दुसरा बराचसा आपोआप सुटतो, म्हणून त्याच क्रमाने लिहिते. मी बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय लवादात वकील म्हणून काम करते आणि अशा समित्यांमध्ये मसुद्यांवरही बसते. माझं मत आधीच स्पष्ट सांगते. या संघटनांचं खरं काम समितीच्या मसुद्यात होतं. मसुद्याच्या कामात हात घालणार असाल तर सदस्यत्व लाखमोलाचं आहे. हात घालणार नसाल तर बातमीपत्र आणि परिषदेच्या शुल्कातली सवलत यापलीकडे फारसं काही पदरात पडत नाही.

आधी नावांचा घोळ मिटवू, कारण सगळ्या संघटना एकाच प्रकारच्या नाहीत. इंटरनॅशनल लॉ असोसिएशन, म्हणजे आयएलए, १८७३ च्या ऑक्टोबरात ब्रसेल्समध्ये स्थापन झाली. मुख्यालय लंडनला, देशोदेशी शाखा, दर दोन वर्षांनी मोठी परिषद आणि मधल्या काळात विषयवार समित्या, अशी तिची रचना. तिच्याच महिनाभर आधी गेंटमध्ये ११ कायदेपंडितांनी इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल लॉ ही संस्था सुरू केली. तिला १९०४ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला. तिथे अर्ज करून जाता येत नाही, निवडून यावं लागतं, त्यामुळे तुमच्यापुरता तो विचार बाजूला ठेवा. १९४७ ची इंटरनॅशनल बार असोसिएशन, म्हणजे आयबीए, ही प्रामुख्याने वकिली करणाऱ्यांची आणि वकील परिषदांची संघटना. लवाद, करार, कंपन्यांचे व्यवहार, व्यवसायाची आचारसंहिता हे तिचं मुख्य क्षेत्र. १९२७ ची युनियन इंटरनॅशनल दे अव्होका त्याच जातीची, पण फ्रेंच परंपरेकडे झुकलेली. शिवाय अमेरिकन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ (१९०६) किंवा युरोपियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ (२००४) यांसारख्या संस्था आहेत. त्यांचा भर अभ्यास, नियतकालिकं आणि चर्चासत्रांवर असतो.

आणखी एक नाव लोक नेहमी यात मिसळतात: इंटरनॅशनल लॉ कमिशन. ही संघटना नव्हे. ते संयुक्त राष्ट्रांचं अंग आहे, त्यात ३४ सदस्य असतात आणि महासभा त्यांना निवडते. पुढे तिचा उल्लेख येईल तेव्हा हा फरक ध्यानात असू द्या.

आता बळाचा प्रश्न. ठरावाला स्वतःचं बळ नसतं, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण बळ बाहेरून येऊ शकतं, आणि ते येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

सर्वात जुनी वाट कराराची. जहाज संकटात सापडलं आणि सगळ्यांच्या बचावासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला किंवा जादा खर्च करावा लागला, तर ते नुकसान जहाजमालक आणि सगळे मालधनी आपापल्या मालमत्तेच्या मूल्याच्या प्रमाणात वाटून घेतात. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. प्रत्येक बंदरात याचे वेगळे नियम असायचे. १८६४ मध्ये यॉर्कला आणि १८७७ मध्ये अँटवर्पला भरलेल्या परिषदांनी ते एकत्र आणले. यातली अँटवर्पची परिषद आयएलएचीच होती, त्या वेळी संघटनेचं नाव निराळं होतं. तेच आजचे यॉर्क-अँटवर्प नियम. पुढे त्यांची जबाबदारी सागरी कायद्याच्या संघटनेकडे, कोमिते मारितीम इंटरनॅशनलकडे गेली आणि शेवटची मोठी सुधारणा २०१६ मध्ये झाली. इतक्या वर्षांत हे नियम कधीही आंतरराष्ट्रीय तह झाले नाहीत. ते चालतात, कारण मालवाहतुकीच्या कराराच्या कागदावर एक ओळ छापलेली असते की जनरल ॲव्हरेजचा हिशेब या नियमांनी होईल. २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, आणि ज्यांचे कंटेनर त्या जहाजावर होते त्या सगळ्यांना या जुन्या तत्त्वाची आठवण झाली. सांगायचा मुद्दा हा, की व्यापारी लोकांना आणि त्यांच्या वकिलांना नियम सोयीचा वाटला आणि त्यांनी तो करारात घातला, तर कायदेमंडळाची वाट बघावी लागत नाही.

दुसरी वाट तुमच्या रोजच्या कामातून जाते, म्हणून तिच्यावर जरा थांबते. आयबीएचे पुरावा घेण्याबाबतचे नियम तुम्ही वापरत असालच. पहिली आवृत्ती १९८३ ची, मग १९९९, २०१० आणि २०२०. इंग्लंड-अमेरिकेच्या पद्धतीत वाढलेला वकील समजतो की समोरच्याकडचे वादाशी संबंधित सगळे कागद मागणं हा आपला हक्क आहे. फ्रान्स, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडच्या पद्धतीत वाढलेला वकील समजतो की ज्याने त्याने आपापले कागद आणावेत, दुसऱ्याच्या कपाटात डोकावू नये. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. लवादात हे दोघे समोरासमोर आले की पहिल्याच बैठकीत अडतं. नियमांच्या तिसऱ्या कलमाने यातून एक मधला रस्ता काढला. कागद मागता येतील, पण ठरावीक कागद किंवा कागदांचा अरुंद आणि नेमका वर्ग सांगावा लागेल. ते अस्तित्वात असावेत असं मानायला कारण द्यावं लागेल. आणि ते वादाशी संबंधित आहेत एवढंच सांगून भागणार नाही, निकालावर त्यांचा परिणाम कसा होईल हेही दाखवावं लागेल.

हे कागदावर किती साधं वाटतं! पण अर्जात याचा काय परिणाम होतो ते बघा. ‘२०१७ ते २०२० मधला प्रकल्पाविषयीचा सगळा पत्रव्यवहार’ अशी मागणी रेडफर्न तक्त्यात (कागदांच्या मागण्या, त्यावरचे आक्षेप आणि मंडळाचा निर्णय नोंदवण्याच्या तक्त्यात) आली, की लवादमंडळ ती बहुधा फेटाळतं किंवा पार आखडून टाकतं. त्याच वकिलाने ‘दुसऱ्या टप्प्याचं काम थांबवण्याचा निर्णय झाला त्या बैठकीचं इतिवृत्त आणि त्या बैठकीपुढे ठेवलेले खर्चाचे अंदाज’ असं लिहिलं, आणि विलंबाचं कारण ठरवायला हे कागद का निर्णायक आहेत ते दोन वाक्यांत मांडलं, तर तीच माहिती मिळण्याची शक्यता खूप वाढते. बहुतेक लवादमंडळं पहिल्या प्रक्रिया-आदेशात लिहितात की आम्ही या नियमांपासून मार्गदर्शन घेऊ, पण त्यांनी बांधले जाणार नाही. एवढ्या सौम्य वाक्याच्या आधारावर ते कलम रोज जगभर वापरलं जातं. आदेश न पाळणाऱ्या पक्षाविरुद्ध मंडळ प्रतिकूल अनुमान काढू शकतं, म्हणजे न दिलेले कागद त्याच्या विरोधात जाणारे असावेत असं मानू शकतं, ही तरतूदही त्याच नियमांत आहे, आणि माझ्या अनुभवात कागद बाहेर काढायला ती पुरेशी ठरते.

असा मधला रस्ता एका विद्वानाने खोलीत बसून काढलेला नसतो. तो वेगवेगळ्या पद्धतींचे वकील एका टेबलाभोवती बसून, एकेका शब्दावर अडून, घरी जाऊन, परत येऊन काढतात. उदाहरणादाखल गोपनीयतेचा प्रश्न घ्या. कंपनीच्या पगारी वकिलाने आपल्याच कंपनीला दिलेला सल्ला गोपनीय राहतो का? इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत साधारणपणे हो. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात सांगितलं की युरोपियन आयोगाच्या स्पर्धाविषयक तपासात अशा सल्ल्याला ते संरक्षण नाही. मग एका पक्षाचे पगारी वकील संरक्षित आणि दुसऱ्याचे उघडे, असा लवाद चालवायचा कसा? पुरावा नियमांनी इथे एकच एक उत्तर लादलं नाही. गोपनीयतेचा विचार करताना मंडळाने कोणत्या गोष्टी पाहाव्यात त्या सांगितल्या, आणि पक्षांना वेगवेगळे कायदे आणि आचारनियम लागू असतील तर दोघांत न्याय्यता आणि समानता राहील याची काळजी घ्यावी, असंही त्यात घातलं. सल्ला मागताना पक्षाची आणि त्याच्या वकिलाची काय अपेक्षा होती, हासुद्धा एक मुद्दा आहे.

याच विषयाजवळच्या एका समितीत मी होते. देशोदेशीच्या सदस्यांना प्रश्नावली गेली होती: तुमच्याकडे पगारी वकिलाचा सल्ला गोपनीय मानतात का? बहुतेकांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून खाली एखाद्या कलमाचा क्रमांक दिला. एका तरुण सदस्याने मात्र तीन स्तंभांचा तक्ता पाठवला: दिवाणी दाव्यात काय होतं, नियामकाच्या तपासात काय होतं, फौजदारी चौकशीत काय होतं. प्रत्येक ठिकाणी एक निकाल, त्यातला नेमका परिच्छेद आणि तो निकाल पुढे कुठे वापरला किंवा टाळला गेला. तिन्ही स्तंभांत उत्तर वेगळं होतं. तो तक्ता पाहिल्यावर समितीने प्रश्नावलीच मोडून नव्याने पाठवली, आणि आधी ‘हो’ लिहिलेल्या अनेक देशांकडून ‘अवलंबून आहे’ असं उत्तर आलं. मसुद्याची पुढची रचना त्यावर उभी राहिली. तो सदस्य ना प्राध्यापक होता, ना मोठ्या कार्यालयातला भागीदार. त्याने काम नीट केलं होतं, बस्स.

तिसरी वाट राष्ट्रांच्या वागण्यातून आणि न्यायालयांतून जाते, आणि ती सगळ्यात संथ आहे. तिचं ताजं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. किनाऱ्यावरच्या ज्या रेषेपासून १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र मोजतात तिला आधाररेषा म्हणतात. आयएलएच्या एका समितीकडे या आधाररेषांचा अभ्यास होता. २०१२ च्या सोफिया परिषदेत तिने निष्कर्ष मांडला की प्रचलित कायद्यानुसार सामान्य आधाररेषा किनाऱ्याबरोबर सरकते. म्हणजे समुद्र चढला, किनारा मागे गेला, की रेषाही मागे आणि तिच्यासोबत मासेमारीचं क्षेत्रही. छोट्या बेटराष्ट्रांसाठी हा निष्कर्ष किती कठोर होता याची कल्पना करा. तरीही समितीने कायदा जसा दिसला तसाच लिहिला. सोबत हेही लिहिलं की भूभागच मोठ्या प्रमाणात पाण्याखाली जाणार असेल, तर तो प्रश्न आधाररेषांच्या पलीकडचा आहे. म्हणून समुद्रपातळीवाढीवर स्वतंत्र समिती नेमली गेली. त्या समितीचं काम २०१८ च्या सिडनी परिषदेपर्यंत आलं, आणि तिथे ठराव झाला: राष्ट्रांनी नियमानुसार एकदा ठरवलेल्या आधाररेषा आणि सागरी हद्दी समुद्रपातळी बदलली म्हणून पुन्हा मोजायला भाग पाडू नये.

ठरावाला बळ शून्य. पण २०१९ मध्ये इंटरनॅशनल लॉ कमिशनने हाच विषय आपल्या कामात घेतला. २०२१ मध्ये पॅसिफिक आयलंड्स फोरमच्या राष्ट्रांनी जाहीर केलं की आमची सागरी क्षेत्रं समुद्र चढला तरी कमी होणार नाहीत. आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलावरच्या सल्लामतात सांगितलं की रीतसर निश्चित केलेले सागरी नकाशे आणि भौगोलिक निर्देशांकांच्या याद्या समुद्रपातळीवाढीमुळे बदलण्याचं बंधन सागरी कायद्याच्या कराराने राष्ट्रांवर घातलेलं नाही. याचं श्रेय एकट्या संघटनेला देणं चुकीचं ठरेल. बेटराष्ट्रांनी स्वतः चिकाटीने बाजू मांडली नसती तर ठराव फाइलीतच राहिला असता. पण वाद सुरू झाला तेव्हा जुना कायदा काय म्हणतो आणि नवा नियम कोणत्या शब्दांत मांडता येईल, हे दोन्ही लिहून तयार होतं. संघटना हेच करू शकते, आणि माझ्या लेखी ही लहान गोष्ट नाही.

पाण्याचंच आणखी एक उदाहरण थोडक्यात. आयएलएने १९६६ मध्ये हेलसिंकी नियम केले: आंतरराष्ट्रीय खोऱ्यातल्या प्रत्येक राष्ट्राला पाण्याच्या उपयोगात वाजवी आणि न्याय्य वाटा. हेच तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या १९९७ च्या जलप्रवाह करारात आलं, आणि तो करार २०१४ मध्ये लागू झाला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या कावेरी निकालात हेलसिंकी नियमांची आणि २००४ च्या बर्लिन नियमांची चर्चा केली. तो वाद राष्ट्रांमधला नव्हता, राज्यांमधला होता. बर्लिन नियमही आयएलएचेच, पण हेलसिंकी नियमांइतकं वजन त्यांना अजून आलेलं नाही. एकाच संघटनेचे दोन मसुदे, तरी मान सारखा मिळत नाही. त्यावरून कळतं की नुसतं संघटनेचं नाव पुरत नाही. मसुदा प्रत्यक्ष व्यवहाराच्या किती जवळ आहे आणि किती पुढे धावतोय, हे वाचणारे तपासतात.

न्यायालयं सरळ नकारही देतात. आयबीएच्या हितसंबंधांच्या संघर्षाबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांत लाल, नारिंगी आणि हिरव्या याद्या आहेत. लवादकाने कोणत्या नात्यात नेमणूक घेऊ नये, कोणतं नातं उघड करावं आणि कशाची काळजी नको, याचं ते वर्गीकरण. २०१६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे असं प्रकरण आलं की तत्त्वांनुसार ते लाल यादीत, तेही पक्षांच्या संमतीनेही माफ न होणाऱ्या भागात बसत होतं. लवादकाच्या कार्यालयाची कामं एका पक्षाशी संलग्न कंपनीसाठी चालू होती, पण लवादकाला ते माहीत नव्हतं. न्यायालयाने निवाडा रद्द करायला नकार दिला आणि तत्त्वांमधल्या उणिवाही दाखवल्या. ही तत्त्वं २००४ ची, २०१४ मध्ये सुधारली आणि २०२४ मध्ये पुन्हा. अशी टीका हे या कामाचं खतपाणी आहे. ज्या संघटनेला ती झोंबते आणि मसुदा तसाच राहतो, तिथे वेळ घालवू नका.

आतापर्यंतचं थोडक्यात: ठरावाला बळ मिळतं ते करारात घातल्याने, लवादमंडळाने मार्गदर्शन म्हणून घेतल्याने, किंवा राष्ट्रांनी आणि न्यायालयांनी उचलल्याने. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीत, कलम ३८ मध्ये, नामवंत कायदेपंडितांच्या मतांना कायदा ठरवण्याचं दुय्यम साधन म्हटलंय. ठरावांचा उल्लेख होतो तो बहुधा त्या दारातून. म्हणून मसुद्याचा दर्जा हेच सगळं.

वकिलांच्या संरक्षणाचं कामही या संघटना करतात, आणि ते तुमच्या प्रश्नात नव्हतं तरी सांगितलं पाहिजे. आयबीएने १९९५ मध्ये मानवी हक्क संस्था उभी केली. खटल्यांना निरीक्षक पाठवणं, अटकेतल्या वकिलांसाठी आवाज उठवणं, अत्याचारांची छायाचित्रं आणि चित्रफिती न्यायालयात टिकतील अशा रीतीने नोंदवणारं आयविटनेस हे ॲप चालवणं, अशी कामं आयबीएच्या पुढाकाराने होतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना परिषदेत वकिलांच्या भूमिकेबाबत मूलभूत तत्त्वं स्वीकारली गेली, त्यात वकिलांनी स्वतःच्या स्वायत्त संघटना करण्याचा हक्क मान्य आहे. तिथून ३५ वर्षांनी, मे २०२५ मध्ये, युरोप परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप या राष्ट्रांच्या संघटनेने, ती युरोपियन युनियनहून वेगळी) वकिली व्यवसायाच्या संरक्षणाचा बंधनकारक करार सह्यांसाठी खुला केला. ज्या देशात अशिलाची बाजू मांडली म्हणून वकिलालाच आरोपी करतात, तिथल्या माणसासाठी बाहेरून आलेला एक निरीक्षक किती मोठा आधार असतो हे मी जवळून पाहिलंय. तुम्हाला या कामाची ओढ असेल तर वर्गणीचा हिशेब मांडूच नका, जा.

आता तुमच्याविषयी. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मला तुमची सगळी परिस्थिती माहीत नाही. तुमचं काम मुख्यतः लवादाचं असेल तर आयबीएच्या लवाद समितीसारखी जागा रोज उपयोगी पडेल. सागरी हद्दी, गुंतवणूक करार, मानवी हक्क यांसारख्या सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्याकडे जायचं असेल तर आयएलएची तुमच्या देशातली शाखा जास्त योग्य, आणि ती सहसा स्वस्तही पडते. कार्यालय परिषदेचा खर्च देतं की तुम्हाला स्वतः करावा लागतो, यानेही उत्तर बदलतं. अनेक संघटनांत तरुण वकिलांना आणि कमी उत्पन्नाच्या देशांतल्या सदस्यांना सवलत असते. पूर्ण दर भरण्याआधी ती विचारून घ्या, विचारण्यात कमीपणा नाही.

अशील मिळवण्यासाठी जाणार असाल तर मात्र माझं उत्तर वेगळं आहे. परिषदेत कार्डं वाटून कामं येतात अशी अपेक्षा ठेवणारे बहुतेक जण दोनतीन वर्षांत निराश होऊन बाहेर पडताना मी पाहिलेत. एका देशातला वकील दुसऱ्या देशातल्या वकिलाकडे अशील पाठवतो तेव्हा तो स्वतःचा शब्द पणाला लावत असतो. तो शब्द टाकण्याइतका विश्वास एका संध्याकाळच्या गप्पांतून येत नाही. ज्याच्याबरोबर तुम्ही चार वर्षं एका अहवालावर काम केलंय, ज्याने तुमचं टिपण वाचलंय आणि त्यातली चूक तुम्ही न रागावता दुरुस्त केलेली पाहिली आहे, त्याच्याकडून येतो.

म्हणून पैसे भरण्याआधी वाचा. आयएलएच्या समित्यांचे अहवाल आणि आयबीएचे नियम संकेतस्थळांवर मोफत मिळतात. तुमच्या कामाशी जुळणाऱ्या एका समितीचे मागचे दोन अहवाल घ्या आणि तीन गोष्टी बघा. समितीत कोणत्या देशांचे लोक आहेत? सगळे चारपाच श्रीमंत देशांतले असतील तर मसुदाही त्यांच्याच सवयींचा होतो, आणि या संघटनांची ही जुनी, खरी कमतरता आहे. सगळं काम इंग्रजीत, फार तर फ्रेंचमध्ये चालतं, त्यामुळे ती लवकर भरून येत नाही. दुसरं, असहमती अहवालात दिसते का? ज्या अहवालात कुणाचंच वेगळं मत नाही, त्यात बहुधा कुणाला तरी गप्प केलेलं असतं किंवा कुणी नीट वाचलेलं नसतं. तिसरं, सदस्यांचे हितसंबंध. गुंतवणूकदारांचीच बाजू मांडणारे वकील गुंतवणूक लवादाचे नियम लिहीत असतील, तर राष्ट्रांची बाजू मांडणारेही तिथे तितकेच हवेत.

सदस्य झाल्यावर तुम्ही समितीत व्यक्ती म्हणून बसता, अशिलाच्या वतीने नाही. चालू प्रकरणाला उपयोगी पडेल असं वाक्य मसुद्यात घुसवण्याचा मोह मोठमोठ्यांना होतो. तुमचं एखादं प्रकरण विषयाला चिकटलेलं असेल तर बैठकीच्या सुरुवातीलाच सांगा आणि त्या मुद्द्यावर मत देऊ नका. अशिलाची गोपनीय माहिती उदाहरण म्हणूनही वापरू नका, नावं गाळली तरी. छोट्या क्षेत्रात लोक ओळखतात.

पहिलं पाऊल म्हणून समितीच्या अध्यक्षांना किंवा अहवाल लिहिणाऱ्या निवेदकाला एक छोटं पत्र लिहा. ‘मला सामील व्हायला आवडेल’ एवढंच लिहिलेली पत्रं त्यांच्याकडे ढिगाने येतात. तुम्ही लिहा की तुमच्या शेवटच्या अहवालातल्या अमुक परिच्छेदात आमच्या न्यायव्यवस्थेविषयी जे म्हटलंय त्यात हे दोन निकाल राहिलेत, सोबत त्यांचा एकेका पानाचा सारांश जोडला आहे, आणि प्रश्नावली निघेल तेव्हा आमच्या देशाचं उत्तर तयार करायला मी वेळ देईन. सारांशात निकालाचा क्रमांक, वस्तुस्थिती चार ओळींत, प्रश्न, उत्तर आणि मूळ परिच्छेदाचं भाषांतर द्या. स्वतःचं मत शेवटी, वेगळं आणि थोडक्यात. अशा पत्राला उत्तर येतं. लगेच नाही आलं तर महिन्याभराने एकदा आठवण करा.

समित्यांचं एक चक्र साधारण चार ते सहा वर्षांचं असतं, त्यामुळे पहिल्या वर्षी काहीच घडत नाही असं वाटेल. दोन वर्षांनी मसुदा उघडा आणि तुम्ही पुरवलेलं काही त्यात आलंय का, निदान त्यावर समितीत चर्चा तरी झाली का, ते बघा. झाली असेल तर पुढची वर्गणी भरा. नसेल तर आधी समिती बदलून बघा, संघटना सोडायचा विचार त्यानंतर.